आधी पाणी, मग आम्ल

शिंदखेडा हे धुळे जिल्ह्यातील तालुक्याचे गाव बुराई नदीच्या काठी वसलेले आहे. सुरतेहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग या गावावरून जातो. खानदेशातील इतर अनेक गावांप्रमाणे येथील काळ्या जमिनीतही कापसाचे पीक होते. शेतातून आलेल्या कापसाची रुई आणि सरकी जिनिंग कारखान्यात वेगळी केली जाते. परंतु कितीही काळजी घेतली तरी सरकीच्या अंगावर बारीक तंतूंची लव शिल्लक राहतेच. या लवेमुळे सरकीचे दाणे एकमेकांना चिकटतात आणि पेरताना हातातून सुटे पडत नाहीत. म्हणून पूर्वीचे शेतकरी पेरणीच्या आधी शेण आणि माती कालवून त्यात सरकी चोळून काढीत. पुढे याच कामासाठी गंधकाम्ल वापरण्याची रीत आली. एक किलो सरकीला सुमारे १०० मिलिलिटर गंधकाम्ल लावून ती लाकडी दांड्याने दोनतीन मिनिटे सारखी ढवळतात. तेवढ्या अवधीत लव जळून जाते. दाणे काळसर तपकिरी व गुळगुळीत दिसू लागतात. मग ते चारपाच वेळा धुऊन वाळवतात. आता बहुतेक शेतकरी लव काढलेले तयार बियाणेच पाकिटातून विकत आणतात; पण त्या बियाण्यामागेही बहुधा हीच क्रिया असते.

या क्रियेतील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आम्ल लावलेली सरकी धुण्यासाठी पाणी भरपूर लागते. तांब्याभर पाणी तिच्यावर ओतून भागत नाही. इतकेच नव्हे, तर तसे करणे धोक्याचे असते. पाणी थोडे असेल तर धोका, आणि पाणी पुष्कळ असेल तर धोका नाही, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. परंतु शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ल पातळ करताना जो नियम पाळावा लागतो, त्याचे मर्म या एका गोष्टीत साठवलेले आहे.

गंधकाम्लालाच सल्फ्युरिक आम्ल असेही म्हणतात. बाटलीतील शुद्ध गंधकाम्ल दिसण्यात अगदी साधे असते. त्याला रंग नाही, थंड असताना वासही नाही. ते तेलासारखे दाट वाहते. मात्र बाटली उचलताच त्याचे वेगळेपण कळते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो भरते, तर एक लिटर गंधकाम्लाचे वजन सुमारे १.८४ किलो भरते. अडीच लिटरची बाटली असेल, तर आतील आम्लच साडेचार किलोंहून अधिक असते. म्हणून अशी बाटली गळ्याला एका हाताने धरून कधीही उचलू नये; एक हात तिच्या तळाखाली असावाच लागतो.

गंधकाम्लाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्याची पाण्याची तहान. ते हवेतील बाष्प शोषून घेते. साखरेवर ते घातले, तर साखरेच्या घटकांतून पाणी काढून घेते आणि मागे काळा कोळसा उरतो. सरकीची लव नाहीशी होते तीही आम्लाच्या याच दाहक गुणामुळे. आता लव म्हणजे कापूसच, आणि विद्यार्थ्यांच्या अंगातील सुती सदराही कापूसच. आम्लाचा थेंब सदऱ्यावर उडाला, तर तो लव आणि सदरा असा भेद करीत नाही. त्या दिवशी कदाचित काहीच दिसत नाही. दोन दिवसांनी सदरा धुतला की तेथे भोक पडलेले आढळते. डोळ्याच्या बाबतीत मात्र दोन दिवसही लागत नाहीत.

ज्या आम्लात पाण्याचा अंश फार थोडा असतो त्यास संहत आम्ल म्हणतात, आणि पुष्कळ पाणी मिसळून सौम्य केलेल्या आम्लास विरल आम्ल म्हणतात. बोलताना संहत आम्लाला सर्रास ‘तीव्र आम्ल’ म्हटले जाते, पण रसायनशास्त्रात तीव्र या शब्दाचा अर्थ निराळा आहे. पाणी मिसळल्याने तीव्र आम्ल तीव्रच राहते, फक्त ते विरल होते. शाळेतील बहुतेक प्रयोगांना विरल आम्लच लागते. जस्ताच्या तुकड्यांपासून हायड्रोजन वायू तयार करावयाचा असो किंवा लिटमसचा रंग बदललेला पाहावयाचा असो, संहत आम्लाचे तेथे काम नाही. परंतु कारखान्यातून येते ते संहत आम्ल. १९१९ साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीने मुंबईजवळ अंबरनाथ येथे गंधकाम्लाचा कारखाना उभारला, तेव्हापासून महाराष्ट्रात हे आम्ल मोठ्या प्रमाणावर तयार होत आले आहे. ते संहत स्वरूपातच नेणे सोयीचे पडते, कारण विरल आम्लाबरोबर विनाकारण पाण्याचेही ओझे वाहावे लागेल. तेव्हा आम्ल विरल करण्याचे काम शाळेलाच करावे लागते.

हे काम म्हणजे दोन द्रव एकत्र करणे, एवढेच. त्यात अवघड ते काय, असे कोणासही वाटेल. दूध आणि पाणी एकत्र केले तर आधी कोणते ओतले याने काही बिघडत नाही. सरबतातही नाही. मग येथेच क्रमाचा एवढा बाऊ का?

याचे कारण उष्णतेत आहे. दिवाळीपूर्वी घराला सफेदी देण्यासाठी कळीचा चुना भिजवतात, तेव्हा थंड चुना आणि थंड पाणी एकत्र येताच भांडे खदखदू लागते, हे खेड्यातील मुलांनी पाहिलेले असते. चुलीवाचून ही उष्णता येते. ती चुना आणि पाणी यांच्या संयोगातून निर्माण होते. गंधकाम्ल आणि पाणी यांच्या संयोगातूनही अशीच, आणि फार मोठी, उष्णता बाहेर पडते. ९०० मिलिलिटर पाण्यात १०० मिलिलिटर संहत गंधकाम्ल मिसळले, तर सगळ्या मिश्रणाचे तापमान सुमारे ३० अंशांनी वाढते. दोन्ही सारख्या मापाने घेऊन एकदम मिसळले, तर तापमान १०० अंशांच्या पुढे, म्हणजे पाणी ज्या तापमानाला उकळते त्याच्याही वर जाते.

आता मर्माची गोष्ट अशी की, ठरावीक आम्ल आणि ठरावीक पाणी घेतले, तर अखेरीस निर्माण होणारी एकूण उष्णता सारखीच असते. आधी आम्ल घ्या की आधी पाणी घ्या, तिच्यात काही फरक पडत नाही. फरक पडतो तो ही उष्णता प्रत्येक क्षणी कोणाच्या वाट्याला येते यात.

पाण्याने भरलेल्या चंचुपात्रात आम्लाची बारीक धार सोडली, तर प्रत्येक थेंबाभोवती पाणीच पाणी असते. आम्ल जड असल्यामुळे ते खाली जाऊ लागते आणि जाता जाता पाण्यात मिसळते. निघालेली उष्णता आसपासचे पाणी वाटून घेते. पाणी तापण्यास उष्णता पुष्कळ लागते, म्हणून थोड्या आम्लाची उष्णता त्या सगळ्या पाण्यात पसरली की तापमान थोडेसेच वाढते. शिवाय एखाद्या ठिकाणी मिश्रण उसळून थेंब उडालाच, तर तो थेंब बहुतांशी पाण्याचा असतो.

याच्या उलट, चंचुपात्रात आधी आम्ल आहे आणि त्यावर पाणी ओतले, अशी कल्पना करावी. पाणी हलके असल्यामुळे ते वरच राहते. दोहोंची गाठ पडते ती फक्त पृष्ठभागावर, आणि तेथे थोड्या पाण्याभोवती आम्लच आम्ल असते. सगळी उष्णता त्या पातळ थरात निर्माण होते. पाणी थोडे, उष्णता फार. तेव्हा ते पाणी जागच्या जागी उकळते आणि त्यातील काही भागाची क्षणात वाफ होते. पाण्याची वाफ झाली की तिला पाण्याच्या सुमारे सोळाशे ते सतराशे पट जागा लागते. एवढी जागा तिने आणावी कोठून? ती आजूबाजूच्या द्रवाला ढकलून बाहेर पडते, आणि ज्याला ती ढकलते ते तापलेले संहत आम्ल असते. तेच आम्ल मग ओतणाऱ्याच्या हातावर, तोंडावर, डोळ्यांत उडते. तापल्या तेलाच्या कढईत पाण्याचा थेंब पडला तर तेल तडतडून अंगावर येते. त्याचाच हा प्रकार आहे. फरक एवढाच की तेल आधीपासून तापलेले असते, त्याच्यापासून माणूस जपून राहतो. आम्ल मात्र थंड, शांत दिसत असते आणि पाणी पडल्यावर तापते.

म्हणून नियम असा की आधी पाणी, मग आम्ल. आणि तेही सावकाश, ढवळत ढवळत. या नियमाचा पहिला भाग बहुतेकांच्या ध्यानात राहतो. दुसरा भाग विसरला जातो, आणि तोही तितकाच महत्त्वाचा आहे. पाण्यात आम्ल भराभर ओतले आणि ढवळलेच नाही, तर जड आम्ल तळाशी थर करून बसते. वरून सर्व शांत दिसते. मग कोणीतरी काचेची कांडी घालून एकदम ढवळतो, आणि साठून राहिलेली सगळी उष्णता एकाच वेळी बाहेर पडते. क्रम बरोबर असूनही अशा वेळी द्रव उसळून बाहेर येऊ शकतो.

प्रयोगशाळेत हे काम अध्यापक किंवा प्रयोगशाळा-साहाय्यक करतात. विद्यार्थ्यांनी ते दूर उभे राहून पाहावयाचे असते. त्यांच्या डोळ्यांवर सर्व बाजूंनी बंद असा चष्मा, हातांत रबरी मोजे आणि अंगावर जाडसर अंगरखा असतो. शेजारी पाण्याचा नळ किंवा भरलेली बादली आहे याची खात्री ते बाटली उघडण्यापूर्वीच करून घेतात. आम्ल मोजून एका पात्रात आणि ऊर्ध्वपातित पाणी दुसऱ्या मोठ्या चंचुपात्रात घेतले जाते. हे चंचुपात्र उष्णता सोसणाऱ्या काचेचे असावे लागते. मोजपात्रात किंवा जाड काचेच्या साध्या बाटलीत हे मिश्रण कधीच करीत नाहीत, कारण एकाएकी तापलेली जाड काच तडकते आणि मग सगळे आम्ल टेबलावर पसरते. चंचुपात्र थंड पाणी भरलेल्या परातीत ठेवले, तर उष्णता बाहेर निघून जाण्यास मदत होते. खानदेशात या परातीचे महत्त्व विशेष आहे. पौषातल्या थंडीत २० अंशांवर असलेले पाणी आम्ल मिसळल्यावर ५० अंशांपर्यंत जाईल. पण वैशाखात साठवणीचे पाणीच ३५ अंशांवर असेल, तर तेच मिश्रण ६५ अंशांवर पोहोचेल.

मग काचेच्या कांडीच्या आधाराने आम्लाची बारीक धार पाण्यात सोडली जाते. थोडे ओतावे, ढवळावे, थांबावे. भांड्याच्या बाहेरून हात जवळ नेऊन ते किती तापले याचा अंदाज घ्यावा, फार तापले असेल तर निवू द्यावे, आणि मग पुढचे ओतावे. पाहणाऱ्याला हे कंटाळवाणे वाटते. पाचसहा मिनिटांच्या कामाला कधी अर्धा तासही लागतो. तो लागू द्यावा.

सगळे आम्ल ओतून झाल्यावर मिश्रण पूर्ण थंड होऊ देतात आणि मगच ते मोजतात. येथे विद्यार्थ्यांना एक नवल पाहावयास मिळते. ९०० मिलिलिटर पाणी आणि १०० मिलिलिटर आम्ल मिळून १००० मिलिलिटर व्हावयास हवे. पण मिश्रण भरते सुमारे ९७० मिलिलिटर. काही सांडलेले नसते. वजन केले तर ते अगदी बरोबर भरते. पाण्याचे आणि आम्लाचे कण एकमेकांत अधिक दाटीने बसतात, म्हणून जागा कमी लागते. एक लिटर पुरे करण्यासाठी मग वरून थोडे पाणी घालतात.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, आता आम्लात पाणी कसे चालले? चालले, कारण ते आम्ल आता संहत राहिलेले नाही. त्याची तहान बव्हंशी भागलेली आहे. आणखी पाणी मिळाल्याने आता फारशी उष्णता निघत नाही. मोटारीच्या किंवा ट्रॅक्टरच्या बॅटरीत कारागीर वरून पाणी घालताना दिसतो, त्याचेही उत्तर हेच. बॅटरीतील द्रव म्हणजे विरल गंधकाम्लच. ते पाण्याच्या सुमारे सव्वा पट जड असते, आणि त्यात निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा असतो. वापरात त्यातील पाणी कमी होते, आम्ल मात्र राहते; म्हणून भर घालावयाची ती ऊर्ध्वपातित पाण्याचीच. नव्या बॅटरीसाठी संहत आम्लापासून द्रव तयार करावयाचा झाला, तर तोच कारागीर आधी पाणी घेतो.

दुधाच्या परीक्षेचे उदाहरण याहून विलक्षण आहे. दुधातील स्निग्धांश मोजण्याची एक रीत निक्लाउस गर्बर या स्विस रसायनज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोधून काढली, आणि ती आपल्याकडील दूध-संस्थांमध्येही वर्षानुवर्षे चालत आली. आता अनेक संकलन केंद्रांवर विजेवर चालणारी यंत्रे आली आहेत, तरी ही रीत जाणण्यासारखी आहे. अरुंद मानेच्या एका खास काचनळीत आधी १० मिलिलिटर गंधकाम्ल घेतात, आणि त्यावर १०.७५ मिलिलिटर दूध सोडतात. दूध म्हणजे बहुतांश पाणीच! तेव्हा येथे नियम उलटा झाला की काय? वास्तविक नियमाचे कारण येथेही तेच आहे. फक्त त्याचा उपयोग निराळ्या रीतीने केला आहे. दूध धारेने न ओतता नळीच्या आतल्या बाजूवरून इतके हळू सोडतात की ते आम्लात न मिसळता वेगळा थर करून वर राहते. त्यावर एक मिलिलिटर अमाइल अल्कोहोल घालतात, रबरी बूच घट्ट बसवतात आणि मगच, नळी फडक्यात गुंडाळून, हलवतात. नळी हातात धरवणार नाही इतकी तापते. ही उष्णता त्या परीक्षेला हवीच असते. तिच्या व आम्लाच्या योगाने दुधातील इतर घन पदार्थ विरघळतात आणि स्निग्धांश पातळ राहून वेगळा होतो. नळी यंत्रात फिरवली म्हणजे तो मानेत जमतो आणि तेथील खुणांवरून मोजता येतो. आम्ल येथे थोडे आहे, ठरावीक बळाचे आहे, नळीला बूच आहे, आणि करणारा शिकलेला आहे. यांतील एकही गोष्ट कमी असेल, तर ही परीक्षा करू नये.

इतर आम्लांविषयी थोडक्यात सांगता येईल. संहत हायड्रोक्लोरिक आम्लात आणि संहत नायट्रिक आम्लात आधीपासूनच बरेच पाणी असते, त्यामुळे ती पाण्यात मिसळताना उष्णता कमी निघते. पण त्यांच्या बाटल्या उघडताच नाकाडोळ्यांना झोंबणाऱ्या वाफा येतात. म्हणून ती हवेशीर जागी उघडावी लागतात. नायट्रिक आम्लाला सोनार तेजाब म्हणतात. जळगावचा सराफ बाजार प्रसिद्धच आहे. कसोटीच्या दगडावर ओढलेल्या रेघेवर नायट्रिक आम्ल लावले, तर तांबे आणि चांदी विरघळतात व सोने टिकते. या आम्लांनाही आधी पाणी, मग आम्ल हाच क्रम लागू आहे. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने आम्लांच्या किरकोळ विक्रीवर कडक निर्बंध घातले, त्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीस आम्ल विकण्याची मनाई आहे.

इतकी काळजी घेऊनही आम्ल अंगावर उडालेच तर? येथे पुष्कळांची बुद्धी गोंधळते. आम्लावर पाणी ओतणे धोक्याचे, असे आत्ताच शिकलो. मग अंगावरील आम्लावर पाणी कसे ओतावे? सरकी धुण्याची गोष्ट येथे आठवावी. त्वचेवर आम्ल असते काही थेंब, आणि नळाची वाहती धार असते त्याच्या हजारो पट. ती निघालेली उष्णताही वाहून नेते आणि आम्लही. म्हणून क्षणाचाही विलंब न लावता तो भाग भरपूर वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटे धरावा, आम्ल लागलेले कपडे काढून टाकावेत आणि मग डॉक्टरांकडे न्यावे. ओल्या फडक्याने नुसते पुसू नये. कातडीवर सोडा चोळून आम्ल मारण्याचा प्रयत्न करू नये, कारण त्या संयोगातूनही उष्णताच निघते. डोळ्यांत थेंब गेला असेल तर पापण्या बोटांनी उघड्या धरून पाणी सोडीत राहावे, आणि धुणे चालू ठेवूनच दवाखान्याची व्यवस्था करावी. अशा वेळी वीस मिनिटे फार लांबतात. म्हणून एकाने घड्याळ पाहावे.

तयार झालेले विरल आम्ल थंड झाल्यावर बाटलीत भरून तिच्यावर आम्लाचे नाव, ते विरल असल्याची नोंद आणि तारीख लिहितात. विरल आणि संहत आम्ल दिसण्यात सारखेच पाण्यासारखे. तेव्हा चिठ्ठी नसलेली बाटली कोणती हे कोणीही ओळखू शकत नाही. प्रयोगानंतर उरलेले आम्ल तसेच मोरीत ओतत नाहीत. बादलीभर पाण्यात ते हळूहळू सोडतात आणि त्यात धुण्याचा सोडा चिमटीचिमटीने घालतात. प्रत्येक चिमटीबरोबर फसफसून बुडबुडे येतात. तो कार्बन डायऑक्साइड वायू असतो. आणखी सोडा घालूनही बुडबुडे येईनासे झाले आणि निळा लिटमस निळाच राहिला, म्हणजे बादलीत आम्ल उरलेले नाही असे समजून ते पाणी मोरीत सोडतात.